जिजाच्या ताटातला अर्धा टाको

रविवार, ४ जानेवारी

सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? वरती ढगांवरून चालायचं असतं म्हणतात, म्हणजे जिने तरी चढावे लागत नसतील. मामाजींचा दमा? तिकडची हवा चांगलीच असणार. इथे नागपूरच्या टोकाला बेसात अर्धं गाव अजून बांधायचंच चाललंय, सगळी धूळ आमच्या नाकात. तुमचे थोरले भाऊ तिकडेही तंबाखूचा खर्रा घोटतात का? चित्रगुप्तानं त्यांचं तोंड उघडून बघितलं असेल तर पुढची वही वाचायची गरजच पडली नसेल. आपली चंपी कुत्री त्यांच्याच पायाशी असेल. तिला सांगा, तिची नातवंडं सुखरूप आहेत आणि तिच्याइतकीच चोरटी आहेत.

तुम्ही कसे आहात हे मुद्दाम शेवटी विचारते. दिवाळीच्या तोंडावर न सांगता निघून गेलेल्या माणसानं एवढं चालवून घ्यायला हवं.

ही डायरी आपल्या सुनेनं, श्वेतानं दिली. म्हणाली, आई, रोज मनातलं लिहीत जा. मी शाळेची पायरी चढले नाही. वाचायला किराण्याच्या पुड्यांवरून शिकले आणि लिहायला तुम्हाला पत्रं धाडून, तुम्ही भिवंडीला मागावर कामाला होता तेव्हा. त्यामुळे मी काहीही लिहायला घेतलं की त्याचं तुम्हाला पत्रच होतं. त्याला माझा इलाज नाही.

इकडे सगळे मजेत. आपल्या लेकाचं, वैभवचं पोट सुटलंय. श्वेता ऑफिसातून येते ती डोकं धरून. मी ठीक. जेवण तेवढं जात नाही. चहा, त्यात दोन टोस्ट, की झालं. ब्लाउज सैल झाले तर श्वेता टिपा मारून देते. परवा डॉक्टरनं माझं रक्त तपासलं आणि तिला बाहेर बोलावून बराच वेळ बोलला. त्याच्याही घरी काही कटकट असेल.

खरं सांगू? भूक लागते. पण ताट समोर आलं की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. लग्न झाल्यापासून तुमचं जेवण झालं की तुमच्याच ताटात मी बसायची. शिकलेल्या बायका याला नावं ठेवतात, श्वेताही ठेवते. पण तुम्ही ताटात नेहमी काहीतरी टाकायचे. सावजी मटण केलं की एक तुकडा हमखास कडेला. "हा चिवट आहे वं, मले नाही चावत." तुमचे दात मेले पहिल्यापासूनच कच्चे. मी तो खायची, तर लोण्यासारखा निघायचा. आता लख्ख घासलेलं कोरं ताट पुढ्यात येतं. त्यातला पहिला घास मोडायचा म्हणजे परक्याच्या घरात कडी न वाजवता शिरल्यासारखं वाटतं.

बुधवार, ७ जानेवारी

तुमची धाकटी बहीण जिजा उमरेडहून आली. मोठी पिशवी आणि मोठं दुखणं घेऊन.

"वहिनी, मले अन्नच जात नाही वं," दारातच म्हणाली.

"कधीपासून?"

"दादा गेला तवापासून."

मी तिच्याकडे नीट बघितलं. गाल वर आलेत, मनगटात बांगडी रुतते. सूज असणार. न जेवणाऱ्याला सूज येते असं मी ऐकलंय.

संध्याकाळी ताटं वाढली तर तिनं भाकरीचा एक घास मोडला आणि ताट सारलं. "दादाच्या घरचं वरण पाह्यलं का मले दादाच दिसते."

"मग काय खाशीन? तू अशानं मरशीन ना!"

"जे दादानं जन्मात खाल्लं नाही, ते दे."

"मेक्सिकन!" श्वेता इतक्या पटकन ओरडली की मला वाटलं हिलाच डोहाळे लागले. वैभवला विचारलं, हे मेक्सिको कुठे आलं? म्हणाला, अमेरिकेच्या खाली. म्हणजे तळमजल्यावर.

जिजा म्हणाली, "मी एकटी नाही जात हाटेलात. वहिनी आली तर जातो."

तुमची बहीण. नाही म्हणता येतं का? ती तशीच सुकत गेली तर वर आल्यावर तुम्ही आधी मलाच विचाराल.

रविवार, ११ जानेवारी

बेसा चौकातलं हॉटेल. पाटीवर चायनीज, साऊथ इंडियन, पंजाबी, इटालियन, मेक्सिकन असं सगळं, आणि खाली "उपवासाचे पदार्थ मिळतील". एवढे देश एका चुलीवर आले की काय होतं ते आज कळलं.

नाचोज म्हणून तळलेल्या पापडाचे तिकोने तुकडे आले. त्यावर पिवळं, घट्ट, भिंतीला देतात तसं काहीतरी ओतलेलं. मग टाको. मैद्याची कडक पुरी दुमडून तिच्यात राजमा, कोबी आणि शेजवान चटणी. मी विचारलं, मेक्सिकोत शेजवान कुठून आलं हो? वेटर म्हणाला, "आजी, ते आम्ही सगळ्यातच टाकतो."

जिजानं एक घास घेतला. चावला. डोळे मिटले. मला वाटलं आता ओकते. "मले नाही जात वं. तू संपव."

"मी कशाले?"

"मग वाया जाऊ देतं का?"

वाया कसं जाऊ देणार. मी तिच्यासमोरची प्लेट ओढली आणि संपवली. वाईट होतं. पुरीचा तुकडा हिरडीत घुसला. तरी संपवली. श्वेतानं फोन काढून प्लेटचा फोटो घेतला. भरल्या प्लेटचा लोक घेतात, ही रिकाम्या प्लेटचा घेते. आणि कुणाला पाठवला तर डॉक्टरला! हल्लीच्या मुलींचं मला काही कळत नाही.

घरी येताना ऑटोत जिजा म्हणाली, "चांगलं कुठंतरी मिळत असन. शोधू ना." आजारी माणसाची एवढी आशा बघून मला भरून आलं.

मंगळवार, १३ जानेवारी

सकाळी टोपलीतल्या भाकरी कमी होतात. काल दोन, आज दोन, आणि ठेच्याची वाटीही पुसल्यासारखी. वैभवला उंदराचा पिंजरा आणायला सांगितलं. तो हसत सुटला. घरात उंदीर झाले यात हसण्यासारखं काय?

उद्या संक्रांत. हळदीकुंकवाची बोलावणी यंदा मला नाहीत, म्हणजे वाण म्हणून येणारे प्लास्टिकचे डबे तरी थांबले. तुमच्या जाण्याचा तेवढाच एक फायदा.

शनिवार, १७ जानेवारी

धरमपेठेतलं भारी हॉटेल. आत इतका अंधार की मी आधी खुर्चीऐवजी एका गृहस्थाच्या मांडीचा अंदाज घेतला. भिंतीवर सुपाएवढी टोपी टांगलेली. मेक्सिकोत म्हणे ऊन फार. मी श्वेताला म्हटलं, आपल्या नागपुरात मे महिन्यात घालून फिरून दाखवा म्हणावं.

बरिटो आला. दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं बाळ असतं ना, हुबेहूब तसा. चाकू लावताना जीव होईना. आत भात, राजमा, मका, चीज. भाताला पोळीत गुंडाळून खाणारी माणसं म्हणजे डबा न्यायचा आळस करणारी माणसं, असं माझं मत झालं. पण चव बरी होती.

सोबत हिरवी चटणी म्हणून ग्वाकामोले. मी बोटभर घेतली तर तोंडात नुसतं लोणी. वेटरला बोलावून मीठ मागितलं. मग लिंबू. मग बारीक कांदा. मग हिरवी मिरची. मी चमच्यानं घोटून दिली तशी त्यानं चाखली आणि म्हणाला, "आजी, हे आता करेक्ट झालं. आमचा कुक सुटीवर आहे."

"मग आतमदी कोण शिजवून राहिलं?" जिजा म्हणाली.

"त्याचा मेव्हणा."

जिजानं बरिटोचा शेंडा कुरतडला आणि उरलेला माझ्याकडे सरकवला. "हा मधला भाग मले चावत नाही." मधला भाग सगळ्यात मऊ होता! तुमच्या घराण्यालाच ताटात टाकायची खोड. मी तिला बरंच बोलले आणि बोलता बोलता तो संपवला.

गुरुवार, २२ जानेवारी

उमरेडहून जिजाच्या सुनेचा, सरिताचा फोन. बिचारी सासूची काळजी लपवत होती. म्हणे, "मामी, इथं असताना तर दोन दोन भाकरी खाऊन वर भात मागायच्या! तुम्ही नका टेन्शन घेऊ." मी म्हटलं, पोरी, मन घट्ट कर, मी आहे इथे. तर तिलाही हसू आलं. रडू आवरताना कधी कधी हसूच येतं माणसाला.

माझे ब्लाउज धुऊन आटलेत, काखेत काचतात. श्वेतानं टिपा उसवल्या. उसवताना गाणं गुणगुणत होती.

रविवार, २५ जानेवारी

अहो, सापडलं!

रामदासपेठेत दवाखान्यांच्या मागच्या गल्लीत. चार टेबलं, भिंतीवर टोपी नाही. मिनल नावाची बाई चालवते, चाळिशीची असेल. नवऱ्याच्या नोकरीपायी काही वर्षं मेक्सिकोत राहून आली. मी थेट आत स्वयंपाकघरात गेले. हॉटेलात आत जायचं नसतं असं श्वेता म्हणाली. तिला म्हटलं, ज्या घरी जेवायचं तिथली चूल बघायची नाही?

पातेल्यात मका भिजत होता, पाणी पांढरट.

"हे काय?"

"चुना आहे, काकू."

"खर्र्यातला?"

"तसलाच, पण खायचा. मका चुन्याच्या पाण्यात उकळून तसाच ठेवायचा. सालं सुटतात. मग वाटायचा, नाहीतर भाकर थापतानाच फाटते."

मी कपाळाला हात लावला. आपल्या गावात आयुष्यभर चुना तंबाखूला लावून तोंडं सडवली, आणि त्या लोकांनी मक्याला लावून जेवण केलं. तुमच्या थोरल्या भावांना हे सांगा. हळूच सांगा.

मग टाको आले. तळहाताएवढ्या मऊ भाकरी, डाग पडलेल्या, वाफ निघणाऱ्या. एकात चिकन, एकात भाजलेला भोपळा. वर कच्चा कांदा, चिरलेला हिरवा सांबार, ज्याला मिनल कोथिंबीर म्हणते, लिंबू, आणि भाजक्या टमाट्याची चटणी. तिला साल्सा म्हणतात. तिनं माझ्या कानातून धूर काढला. बाहेरच्या देशातली माणसं फिकं खातात असा माझा समज होता, तो आज गेला. हे आपल्यातलेच आहेत. हातानं खातात, बोटं चाटतात, आणि रस मनगटावरून कोपराकडे निघाला की धावत तोंड लावतात.

जिजानं अर्धा टाको खाऊन उरलेला माझ्यापुढे ठेवला. तो मी खाल्ला. मग दुसऱ्यातला अर्धा. मग तिसऱ्यातला. मी तिला म्हटलं, "अवं, इतकं चांगलं आहे, तरी तुले जात नाही? काहून?"

"जाते ना. अर्धं अर्धं जाते."

सुधारणा आहे म्हणायची.

रविवार, १ फेब्रुवारी

लिहायला मन नाही, तरी लिहिते.

मिनलनं आज कौतुकानं मोले केलं होतं. मोले म्हणजे त्यांचा काळा रस्सा. वाळक्या लाल मिरच्या काळ्या होईस्तोवर भाजायच्या, तीळ, शेंगदाणे, दालचिनी, लवंग, आणि शेवटी जरासं चॉकलेट. आत चिकन. चॉकलेटचं ऐकून मी हसायला लागले होते. मग ताट टेबलावर आलं आणि वास आला.

अहो, आपल्या पाचपावलीच्या जुन्या घरातला रविवार होता तो. तुम्ही बनियनवर उकिडवे बसून मसाला भाजायचे, मी खोकत खिडक्या उघडायची, आणि शेजारच्या शोभाताई भिंतीपलीकडून विचारायच्या, "झालं का वं, का नुसता वासच?" सगळं तसंच.

जिजानं दोन घास खाल्ले आणि नेहमीसारखं ताट सरकवलं. "तू संपव वं."

मी म्हटलं, पोट भरलं.

"एक घास तरी."

"नाही म्हटलं ना!" मी ओरडले. मिनल आतून धावत आली. तिला वाटलं चिकन कच्चं राहिलं.

घरी आले ती अंथरुणावर पडले. चहासुद्धा नको वाटला. तिकडे जागा कशी आहे? एक माणूस मावेल एवढी असली तरी चालेल.

रविवार, ८ फेब्रुवारी

आठवडा गेला. ब्लाउज पुन्हा ढिले. धुऊन धुऊन कापडच बिघडलं.

पण लिहायचं कारण ते नाही. चार दिवस झाले, टोपलीतल्या भाकरी जशाच्या तशा आहेत. उंदीर गेले. आणि जिजा खरंच जेवत नाही. आधी निदान अर्धं खायची; आता ताटावर बसते, माझ्याकडे बघते, उठते. आज सकाळी गॅलरीत श्वेताजवळ रडत होती. मी गेले तशा दोघी दोरीवरचे कपडे काढू लागल्या. एवढंच ऐकू आलं: "मी हारली वं पोरी. आता मले घरी पोचव."

हे बघून माझं डोकं ठिकाणावर आलं. मी इथे तुमच्या नावानं उसासे टाकत पडलेय आणि तिकडे तुमची एकुलती एक बहीण डोळ्यांदेखत संपून चाललीय. आमचं हॉटेलात जाणं बंद झालं म्हणूनच ना तिचं अन्न तुटलं? दोष माझाच.

विचार केला, लहान लेकरू घास घेईना तर आई काय करते? रागावते? नाही. आधी स्वतः खाऊन दाखवते. लेकराला वाटतं, अरे, हिला आवडलं, म्हणजे काहीतरी चांगलं असेल. जिजा लेकरूच आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा परकर नेसून दारात उभी होती, नाक वाहत होतं.

तिला खाऊन दाखवायचं म्हणजे तिच्या आधी खायचं. कोऱ्या ताटात. हे कसं जमायचं ते मला माहीत नाही. पण तिच्यासाठी करावं लागेल.

शनिवार, १४ फेब्रुवारी

आज गेलो. श्वेताला म्हटलं, तू घरीच थांब, आज फोटो नकोत. मिनलच्या हॉटेलात लाल फुगे लावलेले. जिकडेतिकडे जोडपी, एकमेकांचे हात धरून बसलेली. हात सोडतील तेव्हा जेवतील. मधोमध आम्ही दोघी म्हाताऱ्या. मिनलनं आम्हालाही गुलाबाचं फूल दिलं. जिजानं ते केसात खोवलं.

मिनल हळूच म्हणाली, "काकू, टाको देऊ ना?"

"मोले. दोन ताटं. वेगळी वेगळी."

जिजा घाबरली. "वहिनी, नको वं ते. मी मरतो का त्यावाचून?"

"तुले विचारलं नाही."

ताटं आली. तोच वास. जिजानं सवयीनं हात पुढे केला. मी तिचा हात धरला. "थांब. आज मी आधी."

तिनं हात मागे ओढून घेतला.

मी भाकर मोडली, रश्श्यात बुडवली आणि तोंडात घातली. बराच वेळ तो घास चावतच बसले. तुमची आठवण आली, खोटं नाही सांगत. पण समोर जिजा टक लावून बसलेली. मीच थुंकले तर तिला काय सांगू? गिळला. दुसरा त्याहून सोपा गेला. तिसऱ्याला कळलं की यात लवंग जास्त पडलीय, तुमच्या मटणात कमी असायची. चौथ्याला कळलं की ते चॉकलेट मागून हळूच येतं आणि तिखटाला मांडीवर घेऊन बसतं. तुम्हाला हे सुचलं नसतं, माफ करा. मग मी मोजायचं सोडलं. कडेचा मोठा तुकडा मीच उचलला आणि मीच खाल्ला. लोण्यासारखा होता. कुणी चिवट म्हणालं नाही.

ताट पुसून वर बघितलं तर जिजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"काय झालं वं?"

"तिखट लागलं."

तिनं तर अजून बोटही लावलं नव्हतं! नुसत्या वासानं पाणी आलं, इतकी नाजूक झालीय प्रकृती. मी म्हटलं, "खा आता. पाह्य, मी मेली का?"

"नाही," ती म्हणाली. "नाही ना मेली!" आणि हसायला लागली, आणि मग जेवायला लागली. अहो, काय सांगू! अख्खं ताट. वर दुसरं ताट. वर साखरेत घोळलेल्या तळलेल्या कांड्या असतात, चुरो म्हणतात, त्या चार. शेजारचं जोडपं हात सोडून आमच्याकडे बघत होतं. एवढ्या आठवड्यांची उपाशी बाई, बघतीलच. मी खूण करून सांगितलं, बघू नका, आजारातून उठलीय.

घरी आल्यावर जिजानं श्वेताला सगळं सांगितलं. श्वेता धावत आली आणि माझ्याच गळ्यात पडून रडली. मी म्हटलं, वेडाबाई, बरी ती झालीय, तिला मिठी मार. तर दोघींनी मिळून मला मारली. वैभव म्हणाला, आई, उद्या उंदराचा पिंजरा परत करू का? मी म्हटलं, ठेव; जिजाला भूक लागलीय, पण उंदरांचा काय भरवसा.

मंगळवारी ती उमरेडला परत जाते. सरिताला फोन करून मी बजावलं, सासूच्या आधी तू जेवत जा, तिला बघून खाईल. उपाय माझा आहे, फुकट देतेय.

तर कळवायचं ते एवढंच, की तुमच्या बहिणीला मी बरं केलं. सासूबाईंना मुद्दाम सांगा. मला घर सांभाळता येत नाही असं त्या नेहमी म्हणायच्या. मिनल पुढच्या वेळी पोझोले करणार आहे, मका आणि मटणाचा रस्सा. मी माझं ताट वेगळं सांगून आलेय. तुमचे दात तिकडे बसवून मिळाले का, तुम्हाला जेवायला कोण वाढतं, आणि ताटात टाकता ते कोण खातं, हे सगळं सविस्तर लिहा. बेसात पोस्टमन फारसा फिरकत नाही, कुरिअरवाला येतो आणि ओटीपी मागतो. तो तुमच्याकडून कुठल्या फोनवर येईल देव जाणे. काही करा, पण उत्तर लवकर धाडा. फक्त रविवारी दुपारी नको, मी घरी नसेन.